मुठीच्या ज्वारीचा ऑनिक्स

आमच्या वस्तीतल्या विहारात मूर्तीच्या मागे सिमेंटचा एक चौकोन आहे. अडीच हात उंच, दोन हात रुंद. बाकी सगळी भिंत नाल्यातल्या काळ्या दगडाची आणि मधेच हे राखाडी ठिगळ. नवा माणूस आला की विचारतो, इथे काय होतं? लोक सांगतात, दगड होता, भारी होता, फुटला. कसा फुटला? बायांनी फोडला.

बायांनी फोडला नाही. हे मी चार वर्षं उशिरा लिहिते आहे. नावं कोणाचीच घालत नाही. ज्या दिवशी नाव घेऊन बोलायचं होतं त्या दिवशी माझं तोंड बंद होतं. आता कागदावर नावं घालून शूर होण्यात काही अर्थ नाही.

शेलूबाजारपासून दीड कोसावर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी आमची वस्ती. धर्म बदलला तेव्हा मी मायच्या कडेवर होते. जुने देव घराबाहेर गेले, पण पुढची कितीतरी वर्षं विहार म्हणून आमच्याजवळ एक कुडाची खोली होती, तीत एक फोटो आणि एक सतरंजी. पक्का विहार बांधायचं बायांनी मनावर घेतलं. पुरुषांनी नाही, बायांनी. दर सकाळी दळायला ज्वारी काढली की तीतली एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि पौर्णिमेला सगळ्यांची गाडगी आमच्या घरच्या मोठ्या मडक्यात रिकामी करायची. मडकं आमच्या घरी, कारण ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या मायला सुचली. मडकं भरलं की ज्वारी शेलूबाजारला विकायची.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतली प्रत्येक बाई खडी फोडायला जात होती. रस्त्याच्या कडेला ढिगापुढे बसायचं आणि हातोडीनं काळा दगड बारीक करायचा. घरी ज्वारी कसली, रेशनवर मिळणारं परदेशी धान्य, लाल मिलो. त्या सालीही मडकं थांबलं नाही. मुठीची चिमूट झाली, पण चिमूट पडत राहिली. मी तेव्हा वाशिमला कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले की माय आधी चिमूट काढायची आणि मग मला विचारायची, भूक लागली का. मला राग यायचा. आता सांगते, मला तेव्हा अभिमानही वाटायचा, आणि त्या अभिमानावर मी दोन पत्रकं लिहून टाकली होती.

दुष्काळ सरला. भिंती आमच्याच लोकांनी नाल्यातला दगड काढून स्वतः उभ्या केल्या. मूर्ती मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या आमच्या माणसांनी पाठवली. मडक्यातलं जे उरलं त्यातून मूर्तीमागे एक चांगला दगड बसवायचा ठरलं. कोणता, यावर बैठक झाली.

समितीचे अध्यक्ष गुरुजी होते. आमच्या वस्तीतला पहिला पगारदार माणूस, शाळेत मास्तर, पांढरं धोतर, बोलणं शुद्ध. ते म्हणाले, "संगमरवर. पांढरा. सगळीकडे तोच लावतात."

माय म्हणाली, "नाल्यातला लावा न गुरुजी. भित त्याचीच हाये. एक मोठा पाहून काढू, घासून घेऊ."

मी उठले. त्याच्या आदल्या वर्षी मी मोर्चासाठी मुंबईला गेले होते. तिथे पाणी प्यायला म्हणून एका मोठ्या इमारतीच्या दारात शिरले. आतली भिंत मधासारख्या पिवळ्या दगडाची होती आणि तो दगड आतून पेटल्यासारखा उजळत होता. मागे दिवे होते. दगडातून उजेड येतो हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी हात लावायला गेले तर रखवालदार म्हणाला, हात नका लावू बाई, ऑनिक्स आहे. पाणी न पिता बाहेर आले. ते 'हात नका लावू' मी वर्षभर सोबत घेऊन हिंडत होते.

बैठकीत मी तेच सांगितलं, आवाज चढवून. म्हणाले, काळा दगड आपण पिढ्यान् पिढ्या फोडला, दुष्काळात आपल्या बायांची बोटं त्यानं फोडली. बुद्धाच्या मागे पुन्हा तोच? ज्या दगडाला शेठच्या दारात हात लावू देत नाहीत तो आपल्या विहारात असला पाहिजे, आणि आपल्या बायांनी त्याला रोज हात लावला पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायनं नाही वाजवल्या. ती म्हणाली, "मागं दिवा पाह्यजे म्हन्ते न तू? आपल्याकडं दिवा कुठं हाये?"

हे खरं होतं. गावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती. खांब वरच्या आळीच्या पारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. पारापासून आमची पहिली झोपडी दोनशे पावलं. त्या दोनशे पावलांवर मी पत्रक काढलं होतं, तालुक्याला जाऊन वाटलं होतं, अर्जावर वस्तीचे अंगठे घेऊन देऊन आले होते. उत्तर नव्हतं.

मी मायला म्हणाले, "दगड आणू. दगड आला की खांब द्यावाच लागेल. त्यांनाच लाज वाटेल."

मी तसं खरोखर मानत होते. लाज आणून कामं होतात असं मी पत्रकं लिहून लिहून शिकले होते.

दसऱ्याला आमची माणसं नागपूरला जातातच. त्याच फेरीत दगड घ्यायचा ठरलं. ज्वारी बायांची, म्हणून दोन बाया सोबत येणार, हे मायनंच ठरवून टाकलं. एक ती आणि दुसरी शेजारची मावशी. मावशीनं मायच्या बाजूला बसून अख्खा दुष्काळ खडी फोडली होती आणि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. गुरुजी, मी, माय, मावशी असे चौघं. एस.टी.नं अकोला, तिथून गाडी. डब्यात सगळे आपलेच, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, भाकऱ्यांची गाठोडी, गाणी. मावशी सगळ्या डब्याला सांगत होती, आमी दगड घ्याले चाललो. कोणीतरी विचारलं, तुमच्याकडं दगड सरले काय व बाई? ती म्हणाली, "सरले नाई, पन आमच्या पोरीले ते पसंत नाईत. तिले गोरा पाह्यजे."

डबा हसला. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दारावर झेंडूची माळ होती. आत लांबच लांब अंगण, त्यात लाकडी घोड्यांना टेकवून उभे केलेले पातळ दगड, कपाटात पुस्तकं लावतात तसे. पांढरे, गुलाबी, हिरवे. दुकानदार वयस्क माणूस, अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारा. आम्हाला पाहून त्यानं फरशीचे नमुने पुढे केले. मी म्हणाले, ऑनिक्स दाखवा. त्यानं एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा मायच्या पायांकडे, आणि आत घेऊन गेला.

आतली खोली अंधारी होती. भिंतीशी तासलेल्या दगडाच्या चार-पाच पाट्या उभ्या होत्या. त्यानं तांब्यातलं पाणी पहिलीवर ओतलं आणि मागचा बल्ब लावला.

मावशी म्हणाली, "माय व." पुढे तिला काही सुचलं नाही. ते एक नवलच.

मुंबईत पाहिला तसाच मधाळ रंग, आणि आत तांबूस-पांढऱ्या रेघा, नाल्याला पूर येऊन गेल्यावर काठावर गाळाचे थर दिसतात तशा. दुकानदार एकेक पाटी उजळून दाखवू लागला. हिरवट होती ती गुरुजींना आवडली, पण भाव ऐकून त्यांनीच मग ती नको म्हटली. पांढरी फार पातळ होती. आम्ही परत पहिल्या पाटीपाशी आलो. दुकानदार मला म्हणाला, "बहनजी, ये पत्थर पीछे से रोशनी मांगता है. बिजली है ना गांव में?"

मी म्हणाले, "है."

गावात होती. मी खोटं बोलले नाही. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"और धूप में मत लगाना," दुकानदार म्हणाला. "तपना नहीं चाहिए."

"आत लावायचा आहे," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात मायनं अंगणातून एक सुपारीएवढा खडा उचलून आणला होता. ती पाटीपुढे बसली आणि त्या खड्यानं पाटीवर हळूहळू ठोकू लागली, खालपासून वर. खडी फोडणारी बाई हातोडी घालायच्या आधी दगड असाच वाजवून पाहते. कुठे घाव घातला तर सरळ फुटेल ते तिला आवाजावरून कळतं. टिंग, टिंग, टिंग. मग एका जागी ठप्. तिनं परत ठोकलं. ठप्. खडा आडवा सरकवत गेली. पाटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, एका तांबूस रेघेच्या बाजूबाजूनं, या कडेपासून त्या कडेपर्यंत दगड मुका होता.

ती म्हणाली, "हा फुटलेला हाये."

दुकानदार हसला. "माताजी, ये कुदरती लकीर है."

मायनं रेघेवर नख घासलं, नखात आलेलं बोटानं चोळलं, नाकाशी नेलं. "कुदरती नाई. लाख हाये ही. विळ्याची मूठ बसवतेत न लाखेनं, तसं भरलं हाये. पाह्य व, तूही पाह्य."

मावशीनं वास घेतला आणि मान हलवली.

दुकानदाराचा मुनीम दारात येऊन उभा राहिला होता, तो तोंडावर हात ठेवून हसत होता. दुकानदार चिडला नाही. मला म्हणाला, "भराई तो सब ऑनिक्स में होती है, बहनजी. समझाइए इनको." हेही पुढे मला कळलं की खरं आहे. या दगडाच्या अंगात फटी असतातच, आणि त्या भरून गुळगुळीत करूनच विकतात. तो माणूस फसवत नव्हता. त्याचा धंदा जसा चालतो तसा तो करत होता. समजावून घ्यायला पाहिजे होतं ते मी. किती खोल भरलंय, कशानं भरलंय, दुसरी पाटी आहे का, हे विचारायला पाहिजे होतं. मायनं अर्धं काम करून ठेवलं होतं.

पण माय त्या खोलीत जमिनीवर उकिडवी बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात खडा. आणि मुनीम हसत होता. मला पुन्हा ते मुंबईचं दार आठवलं. मला वाटलं, या बाईमुळे आपल्याला इथूनही हाकलतील.

मी म्हणाले, "माय, ऊठ. हा काय खडीचा दगड हाये?"

ती उठली. खडा तिनं परत अंगणात जिथून उचलला होता तिथेच नेऊन टाकला.  पाटी आम्ही घेतली.

ती घरी कशी आणली ते थोडक्यात सांगते, कारण त्या प्रवासात मायनं मला आणखी एकदा शहाणं करायला पाहिलं. पाटी दोन गोधड्यांत गुंडाळली. गाडीत ती आडवी ठेवायला निघाले तर माय म्हणाली, उभी ठेव, आडवा दगड आपल्याच भारानं मोडते. ती आणि मावशी अकोल्यापर्यंत पाटीला दोन्ही बाजूंनी पाठ लावून बसल्या. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मावशी म्हणाली, "टपावर तूच बस न बाप्पा, आमी तिकीट काढतो तुयं." पाटी आत आली. फुटली नाही. मी मनात म्हणाले, पाहा, नाही फुटली.

विहारात मूर्तीच्या मागे भिंतीत गुरुजींनी कोनाडा ठेवून घेतला होता, बल्बासाठी. मागच्या बाजूनं, बाहेरून हात घालता येईल एवढी खिडकी. पुढून पाटी बसवली, कडा चुन्यानं भरल्या. सगळी वस्ती पाहायला आली.

मागे उजेड नसला की ऑनिक्स कसा दिसतो? शिळ्या वरणासारखा. नाल्याच्या दगडाच्या त्या काळ्याभोर, ताठ भिंतीत तो पिवळट तुकडा असा दिसत होता की कोणी ओल्या हातानं भिंत पुसून ठेवली आहे. लोक पाहत राहिले. मावशी म्हणाली, "चांगला हाये. पन माह्या घरचं सारवन याच्यापरीस बरं दिसते." बाया हसल्या, आणि माय त्यांना ओरडली. माझ्यासाठी ओरडली.

मी पुन्हा अर्ज केले. विहारात दगड बसवला आहे, वीज द्या. मंगरुळपीरला तीनदा गेले. बाबू म्हणाला, दगड बसवायला कोणी सांगितलं होतं? खांब आला नाही. लाज कोणालाही वाटली नाही. ती माझ्या पत्रकातच राहिली.

वैशाखी पौर्णिमेला विहाराचं उद्घाटन ठरलं. वाशिमहून आमच्यातलेच एक पुढारी येणार होते. त्यांचं वरपर्यंत वजन होतं, म्हणत. मी मनाशी ठरवलं की या माणसासमोर तो दगड उजळलाच पाहिजे. तो पाहील, विचारेल, मागे काय आहे, आणि मी त्याला हात धरून मागे नेईन आणि दाखवीन की बघा, बल्बाच्या जागी आम्हाला मेणबत्त्या लावाव्या लागतात. भाषण मी तयार ठेवलं होतं. मेणबत्त्या आम्ही वंदनेला लावतोच, घराघरात असतात. त्या कोनाड्यात लावायच्या ही कल्पना माझी. कोणाचीही नाही, माझी.

लावायचा मान मायला दिला, मडकं तिचं म्हणून. ती नवं पांढरं पातळ नेसून विहाराच्या मागच्या खिडकीपाशी उभी राहिली. मी मधे ये-जा करत होते. दिवस मावळला, पुढाऱ्याची जीप आली, लोक आत बसले. मायनं पाच मेणबत्त्या लावल्या. मी आत जाऊन पाहिलं. खाली थोडासा उजेड, वर काळोख. बाहेर पळत आले.

"अजून लाव."

तिनं आणखी पाच लावल्या. मी आत गेले. कमरेपर्यंत उजळला होता.

"अजून."

"पोरी, तापून राह्यलं," माय म्हणाली. "हात लावून पाह्य न. दगड तापला हाये."

"लाव म्हणते न मी. पुढारी आत येऊन बसला."

माझ्या हातातला पुडा मीच फोडून तिच्या हातात दिला. तिनं लावल्या. किती झाल्या असतील, वीस तरी. कोनाडा भट्टीसारखा धगधगत होता.

आणि आत तो दगड उजळला. हे मी लपवणार नाही. मूर्तीच्या मागे मधाचं पोळं पेटावं तसा तो कडेपासून कडेपर्यंत उजळला आणि आतल्या रेघा दिसायला लागल्या. लोक वंदना म्हणत होते ते गप्प झाले. मावशी पहिल्याच रांगेत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पुढारी मान वर करून पाहत होता. त्यानं शेजारी गुरुजींना काहीतरी विचारलं. मी उठून उभी राहिले, भाषणाचा पहिला शब्द तोंडात होता.

ठक् असा एकच आवाज झाला. मोठा नव्हता. वरचा तिसरा हिस्सा त्या रेघेवर सुटला, खाली घसरला, मूर्तीच्या पाठीला टेकला, तिथून जमिनीवर आला आणि त्याचे तुकडे झाले. उरलेल्या दगडाच्या कडेवरून तांबूस काळं काहीतरी हळूहळू ओघळत होतं. मागे उघड्या पडलेल्या मेणबत्त्या, आणि त्यांच्या मागे, खिडकीत, मायचा चेहरा.

ती धावत आत आली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. ओघळाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. 

पुढारी दहा मिनिटांत गेला. जीपपाशी गुरुजींना म्हणाला की अशा जुन्या इमारतीत फार खर्च करू नका. इमारतीला वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक. तिला निघाले तर वाटेत गुरुजी भेटले. जयभीम केला. ते माझ्या बरोबरीनं चालू लागले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे पाहा, तू बैठकीत काही बोलू नको. खांबाच्या अर्जावर पुन्हा अंगठे लागतील. लोकांचा तुझ्यावरचा विश्वास उडाला तर अर्ज कोण करणार? तुझं काम मोठं आहे." मग म्हणाले, "त्या दुकानातलंही काढू नको. त्यानं काय होणार आता."

ते तिथे होते. लाखेचं त्यांनी ऐकलं होतं. 'तपना नहीं चाहिए' त्यांनी ऐकलं होतं. आम्ही दोघं शिकलेली माणसं दोनशे पावलं सोबत चाललो आणि आमचं जमलं.

बैठकीत कोणीतरी विचारलं, दगड फुटला कसा? गुरुजी म्हणाले, "मेणबत्त्या जास्त झाल्या. तापला."

"कोनं लावल्या?"

सगळे मायकडे पाहू लागले. माय दाराशी बसली होती, बायांत.

"मी लावल्या," ती म्हणाली.

एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या कायले लावाव्या बाई? काही अंदाज?"

माय माझ्याकडे वळली. ती माझी वाट पाहत होती. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलेलं नाही हे. मी सतरंजीच्या दशा मोजत होते. मनात सगळी वाक्यं तयार होती, एकाहून एक चांगली. अन्यायाविरुद्ध गप्प बसणारा अन्याय करणाऱ्याइतकाच दोषी, असं माझ्याच एका पत्रकात होतं, ठळक अक्षरात. ते पत्रक विहाराच्या दाराला खळीनं चिकटवलेलं होतं, आणि माय त्याच्याखाली बसली होती. तिला वाचता येत नाही.

मावशीनं आमच्या दोघींकडे पाहिलं. तिला दुकानातलं सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "काहून व पोरी, तुयं तोंड पत्रकातच चालते काय?"

कोणाला काही कळलं नाही. गुरुजींनी, बाई, मधे बोलू नका, म्हटलं. मावशी पुढे बोलणार होती, पण मायनं तिच्या मांडीवर हात ठेवला. तो हात मला दिसला. ती मला वाचवत होती आणि मी वाचवू देत होते.

ठरलं असं की यापुढे मडकं गुरुजींच्या घरी राहील. जबाबदारीचं काम आहे, जबाबदार माणसाकडे असावं. दोन जण येऊन आमच्या घरातून मडकं उचलून घेऊन गेले. त्याच्या बुडाची जमिनीत एक गोल खळी पडली होती, वर्षानुवर्षांची. मायनं ती दुसऱ्या दिवशी शेणानं सारवून टाकली.

पहिल्या पौर्णिमेला बाया गुरुजींच्या घरी गेल्या. आमच्या घरी त्या ज्वारी ओतायच्या, मग चहा, मग एकमेकींच्या सुनांच्या कागाळ्या, गाणी. तिथे गुरुजींच्या ओट्यावर उभं राहायचं, आतून मडकं बाहेर येणार, ओतायचं, निघायचं. दुसऱ्या पौर्णिमेला निम्म्या गेल्या. दुष्काळानं जे थांबलं नव्हतं ते पावसाळा संपायच्या आत थांबलं. उरलेला दगड काढून तिथे सिमेंट भरलं. त्याचे तुकडे काही दिवस पोरं खेळायला नेत होती. सूर्याकडे धरून त्यातून पाहायची.

खांब मागच्या वर्षी आला. माझ्या अर्जांनी आला असं मी कोणाला सांगत नाही. रांगेतल्या सगळ्याच गावांच्या खालच्या वस्त्यांत तेव्हा आले. विहारात एक बल्ब आहे. तो मूर्तीच्या पुढे टांगलेला आहे आणि त्याचा उजेड नेमका त्या सिमेंटवर पडतो.

काही दिवसांपूर्वी मी मायला म्हणाले की येत्या पौर्णिमेला मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे. दुकानातलं, लाखेचं, मेणबत्त्यांचं, सगळं. ती ज्वारी पाखडत होती.

"आता कायले?" ती म्हणाली.

"खरं आहे म्हणून."

"तवा बोलली असती तर माह्यं मडकं राह्यलं असतं. आता बोलशीन तर तुयं मन राहीन. तेवढंच."

सूप तिनं खाली ठेवलं. रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं, रागाला उत्तर देता येतं मला.

सकाळी दळणाला ज्वारी काढताना तिचा हात अजून मूठ काढतो. सवय आहे. मूठ भरते, बाजूला जाते, तिथे गाडगं नसतं. हात जरासा थांबतो आणि मूठ परत सुपात पडते. ती सगळी ज्वारी एकत्र दळली जाते, तिची भाकर होते, आणि ती मी खाते.